सिंहराजा राखीव वन, श्रीलंका: कुडावा बाजूने पायी जाणाऱ्यांसाठी परीक्षण

याला राष्ट्रीय उद्यानात बिबट्या आणि उडवलवेत हत्तींचे कळप बघून जे सिंहराजाकडे वळतात, त्यांतले बरेच जण दोन तासांत कंटाळून परततात. दोष जंगलाचा नाही, अपेक्षेचा आहे. याला आणि उडवलवे ही कोरड्या प्रदेशातली, जीपमधून बघायची उद्यानं. सिंहराजा हे बेटाच्या नैऋत्येचं दाट, ओलं, सदाहरित पर्जन्यवन आहे आणि ते पायीच बघावं लागतं. बिबट्या इथेही आहे, पण तो दिसणार नाही असंच धरून चालायचं. हत्ती जेमतेम दोन-तीन उरलेत. बाकी जे काही आहे ते एक तर लहान आहे, नाही तर तीस मीटर उंचीवर आहे, नाही तर हुबेहूब पानासारखं दिसतं. हळू चालायची आणि एका जागी बराच वेळ उभं राहायची तयारी असेल तर हे जंगल भरभरून देतं. नसेल तर प्रवासाचा शीण आणि जळवांचे चावे एवढंच पदरात पडतं.

हे वन श्रीलंकेच्या वन खात्याच्या ताब्यात आहे. तिकिटाबरोबर मार्गदर्शक घ्यावाच लागतो, त्याच्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. १९७८ मध्ये सिंहराजाला जीवावरण राखीव क्षेत्राचा आणि १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उंची साधारण ३०० मीटरपासून ११७० मीटरपर्यंत. वर्षाला ३००० ते ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि खऱ्या अर्थाने कोरडा असा एकही महिना नसतो. इथल्या झाडांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जाती श्रीलंकेबाहेर कुठेही आढळत नाहीत. छत्र धरणारी मोठी झाडं बहुतेक साल वृक्षाच्या कुळातली: सरळसोट, खाली फांद्या नाहीत, बुंध्याला आधारमुळांचे पडदे.

आत शिरायला कुडावा, देनियायाजवळचं मेदेरिपिटिया, लंकागम आणि पूर्वेकडचं मॉर्निंगसाइड अशा वेगवेगळ्या बाजू आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुडावाच निवडावं, आणि त्याचं कारण तिथल्या रस्त्यात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवूड कारखान्यासाठी या भागात यंत्रांनी लाकूडतोड सुरू झाली आणि ओंडके न्यायला रस्ता पाडला गेला. थिलो हॉफमन आणि इतर निसर्गप्रेमींनी त्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. १९७७ मध्ये तोड थांबली. तोच रस्ता आज मुख्य पायवाट आहे. म्हणून तो रुंद आहे, चढ सौम्य आहे आणि वर आकाशाची पट्टी मोकळी आहे. घनदाट जंगलाच्या आत दहा मीटरपलीकडचं दिसत नाही आणि शेंड्यावरचा पक्षी म्हणजे आभाळावरचा काळा ठिपका. या रस्त्यावरून मात्र झाडांची भिंत मुळापासून शेंड्यापर्यंत समोर येते. पक्षी बघायला पर्जन्यवनात याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

या रस्त्यावर थांबून बघायची गोष्ट म्हणजे मिश्र थवे. पाऊण पाऊण तास एकही पक्षी दिसत नाही, जंगल रिकामं वाटतं. मग कुठून तरी कलकलाट ऐकू येतो. ते असतात नारिंगी चोचीचे सातभाई, फक्त श्रीलंकेत आढळणारे, आणि थवा बांधून ठेवणारे. त्यांच्यासोबत तुऱ्याचा कोतवाल. मागोमाग राखी डोक्याचे हसरे पक्षी जमिनीलगत पाचोळा उलथत येतात, मधल्या उंचीवर कर्णा हा पक्षी फांदीवर ताठ बसलेला सापडतो, आणि अगदी वर, पानांच्या गर्दीत लाल तोंडाचा मलकोहा खारीसारखा सरपटत जातो. एका थव्यात सरासरी दहा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी असतात. निळी मॅगपाय पुष्कळदा यांच्यातच मिळते. सगळा प्रकार दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात: पहिला पक्षी दिसला की त्याच्यामागे धावतात. थवा दिशा धरून सरकत असतो. तो रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज घेऊन तिथे आधी जाऊन उभं राहायचं आणि बोलणं बंद करायचं. आधी जमिनीलगत, मग मधला थर, मग शेंडे, या क्रमाने नजर फिरवायची. पुढचे पक्षी गेले म्हणून दुर्बीण खाली घ्यायची नाही. मलकोहा आणि कर्णा बऱ्याचदा मागून येतात. कोतवालाचा आवाजही नीट ऐकण्यासारखा आहे. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका, इतकंच काय शिकारी पक्ष्यांचे आवाजही काढतो. सरत कोटगामा आणि एबेन गुडेल यांनी इथेच केलेल्या अभ्यासातून दिसलं की थव्यातल्या जातींचे आवाज काढून तो त्यांना आपल्याकडे ओढतो. थवा जमला की पानांतून उडणारे किडे त्याच्या तोंडी लागतात, आणि बाकीच्यांना पहारेकरी मिळतो.

मोठं काही दिसत नसतं तेव्हा नजर छातीच्या उंचीवर आणावी. पातळ खोडांवर गाठीनाक्या सरडा चिकटून बसलेला असतो. नाकावर गोल गाठ, अंग पिवळसर हिरवं. अगदी जवळ गेलं तर तो पळत नाही, तोंड उघडून आतला लालभडक रंग दाखवतो. एवढं झालं की मागे सरकायचं, तो घाबरलेला असतो. पाचोळ्यात मागच्या दोन पायांवर पळणारा चिमुकला सरडा वेगळा, तो पावलागणिक दिसतो. फाटकाजवळच्या मोकळ्या, नेच्यांनी भरलेल्या उतारावर घटपर्णी आहेत, त्याही या बेटाच्याच. घटात वरून डोकावून बघा, पण झाकण उचलू नका आणि पाणी सांडू नका. त्या पाण्यातच कीटक विरघळतात आणि वेलीला नत्र मिळतं. जांभळ्या तोंडाची वानरं आवाजावरून सापडतात. आपल्या शेकरूचा भाऊबंद, काळ्या-पिवळ्या रंगाची मोठी खार, सकाळी फळलेल्या झाडावर हमखास.

आता मार्गदर्शक. सगळी सहल याच्यावर उभी राहते किंवा कोसळते. मार्गदर्शक आसपासच्या गावांतले असतात, जंगल त्यांच्या पायाखालचं असतं. पण प्रत्येकाची आवड आणि भाषा वेगळी. काहींना पक्ष्यांचे आवाज तोंडपाठ असतात, काही धबधब्यापर्यंत नेऊन आणण्यात वाकबगार असतात. तिकीट काढतानाच स्पष्ट सांगावं: आम्हाला पक्षी आणि सरडे बघायचेत, हळू चालायचंय, धबधबा नाही झाला तरी चालेल. हे न सांगता निघालं की तो सवयीने वेगात चालतो, कारण रोजचे पर्यटक त्याला तेच मागतात. एका मार्गदर्शकामागे चारांहून जास्त माणसं असली की मागच्यांना काहीही दिसत नाही. गट मोठा असेल तर दोन मार्गदर्शक घ्या, पैसे वसूल होतात. तिकीट, मार्गदर्शक, आणि घेतली तर जीप, या सगळ्यासाठी रोख श्रीलंकन रुपये जवळ ठेवा.

कुडावाच्या तिकीट खिडकीपासून प्रत्यक्ष गाभ्याच्या फाटकापर्यंत काही किलोमीटरचा खडबडीत रस्ता आहे, तिथे जीपवाले मागे लागतात. गुडघे चांगले असतील तर जाताना पायीच जा. चहाचे छोटे मळे, घरांच्या बागा आणि जंगलाची कड, असा हा पट्टा आहे, आणि कडेलाच पक्षी सर्वांत मोकळेपणी दिसतात. संध्याकाळी पाय थकल्यावर जीप घ्यायला हरकत नाही. जंगलाच्या कडेने लावलेली कॅरिबियन पाइनची झाडंही लागतील. संरक्षक पट्टा म्हणून ती लावली. नंतर संशोधकांनी त्यांच्यात फटी पाडून खाली देशी झाडं वाढवायचे प्रयोग केले. पाइनखाली उगवलेली सालकुळातली रोपं बघायला थांबावं असं ते काम आहे.

जळवा. यांच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार, म्हणून नीट सांगतो. इथल्या जळवा झाडावरून अंगावर पडत नाहीत. त्या पाचोळ्यात आणि गवताच्या पात्यावर उभ्या असतात, पावलांचा हादरा, श्वास आणि अंगाची ऊब ओळखतात, बुटावर चढतात आणि कापड संपेपर्यंत वर सरकत राहतात. मानेवर सापडलेली जळूही खालूनच आलेली असते, किंवा बाजूच्या झुडपातून. म्हणून उपाय खालून सुरू होतो. दाट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे साध्या मोज्यांवर घालायचे, पँट त्यांच्या आत खोचायची, वर नाडी आवळायची आणि मग बूट. साधे लोकरीचे किंवा नायलॉनचे मोजे कुचकामी, जळू विणीतून तोंड घालते. मोजे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे चढणारी जळू दिसते. सदरा पँटमध्ये खोचलेला हवा. दर दहा मिनिटांनी एकमेकांचे पाय तपासा. कीटकरोधक औषध मोज्यांवरच लावा, हातांवर चोळू नका: त्यातलं डीट दुर्बिणीचं रबर आणि प्लास्टिक खातं, आणि ओढ्यात हात धुतले तर बेडूक आणि मासे त्याची किंमत मोजतात. गावातले लोक साबण किंवा बाम चोळतात. कोरड्या दिवशी चालतं, पावसात अर्ध्या तासात धुऊन जातं.

चावलेली जळू ओढू नका. तिचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. त्या टोकाशी कातडीला लागून नख सरकवायचं म्हणजे तोंडाची पकड सुटते, मग लगेच मागचं जाड टोक सोडवायचं आणि टिचकीने उडवायचं. मीठ, काडेपेटी, तंबाखू यांनी ती सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते. चावा दुखत नाही, आणि रक्त न गोठू देणारं द्रव्य तिच्या लाळेत असल्यामुळे जखम बराच वेळ वाहते. घाबरायचं कारण नाही: साबणाने धुवा, कापूस दाबून पट्टी बांधा. पुढचे काही दिवस खाज सुटते, खाजवलं तर चिघळते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलूनच जावं.

जळवांची भीती सगळ्यांना वाटते, पण खरी काळजी घ्यायची ती पाचोळ्यातल्या उंच नाकाच्या चापड्याची. वीतभर-दीड वीत लांब, तपकिरी, हलत नाही, पाचोळ्यात पूर्ण मिसळून जातो. श्रीलंकेतल्या सर्पदंशांत याचा वाटा मोठा आहे, आणि नेहमीची भारतीय प्रतिविषाची लस याच्या विषावर चालत नाही. म्हणून सँडल घालून जायचं नाही. पडलेल्या ओंडक्यावर न बघता बसायचं नाही, ओंडका ओलांडताना पलीकडचं आधी बघायचं, चढावर हात टेकताना खडकाच्या फटीत बोटं घालायची नाहीत. हिरवा चापडा वाटेकडेच्या झुडपात दिवसभर एका जागी बसून असतो. मार्गदर्शक तो दाखवतात. दीड-दोन मीटरवरून बघा, फोटोसाठी फांदी हलवू नका.

पाऊस. जानेवारी ते एप्रिलचा पहिला भाग सर्वांत बरा, त्याखालोखाल ऑगस्ट-सप्टेंबर. मे ते जुलै नैऋत्य मोसमी पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जोर. चांगल्या महिन्यांतही दुपारनंतर सर येते, म्हणून सगळं काम सकाळी. फाटक उघडल्या उघडल्या आत असाल तर अकरापर्यंत सगळ्यात चांगले चार तास हाती लागतात. कोलंबोहून पहाटे निघून त्याच दिवशी परत येणारे नेमके हेच तास गाडीत घालवतात, अकराला पोचतात आणि दोनच्या पावसात भिजून परततात. निदान दोन मुक्काम करा.

पावसाळी कोटापेक्षा साधी छत्री बरी. दमट हवेत कोटाच्या आत घामानेच भिजायला होतं. रुंद रस्त्यावर छत्री अडत नाही, आणि तिच्याखाली दुर्बीणही वापरता येते. डोंगरवाटेवर मात्र छत्री बंद, दोन्ही हात मोकळे. बूट चामड्याचे जड नकोत, एकदा भिजले की मुक्कामभर वाळत नाहीत. तळाला खोल खाचा असलेले, पटकन निथळणारे कापडी बूट आणि मोज्यांचे तीन जोड घ्या. दुर्बीण ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असावी. १० पटीची इथे तोट्यात जाते: झाडांखाली उजेड फार कमी, पक्षी जवळ, आणि हात हलला की चित्र हरवतं. कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० किंवा वर न्यायची तयारी ठेवा, फ्लॅश नको. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून थेट बाहेर काढली की भिंगं धुकटतात आणि अर्धा तास वाया जातो. उपकरणं रात्री पंख्याच्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. डबा आणि पाण्याची बाटली पुन्हा वापरायची न्या, वेष्टणातलं खाणं आत नको.

वाटांबद्दल थोडक्यात. संशोधन केंद्रापर्यंतचा मुख्य रस्ता पक्ष्यांसाठी, तोच दोनदा चाला. तिथून नवाडा या अजस्र झाडाकडे जाणारी छोटी वाट जंगलाच्या आतली आहे. तिथे पक्षी कमी, पण झाडांचा आवाका कळतो. मुळावेल्ला हे साधारण ७६० मीटरचं शिखर अर्ध्या दिवसाचं काम. शेवटचा चढ उभा आहे, मुळं आणि खडक शेवाळलेले आहेत. वर पोचल्यावर पर्जन्यवनाचं छत वरून दिसतं, तेवढ्यासाठी जायचं. रात्री पाऊस झाला असेल तर जाऊ नका, चढताना नाही, उतरताना घोटे मुरगळतात. सिंहगल पूर्ण दिवस मागतं, वाटेत ओढे ओलांडावे लागतात आणि डोंगरात पाऊस झाला की पाणी घटकेत चढतं. मार्गदर्शक परत फिरू म्हणाला तर वाद न घालता फिरायचं.

कोलंबोहून रत्नपुरा किंवा मतुगमामार्गे कलवाना, तिथून वेड्डागल आणि मग कुडावा. गाडीने चार तास धरा. बसने कलवानापर्यंत सहज जाता येतं, पुढच्या बस कमी आहेत. वेड्डागलहून रिक्षा करावी. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, गालेकडे मुक्काम असेल तर देनियाया-मेदेरिपिटिया जवळ पडतं. तिकडे ओढे, डोह आणि धबधबे जास्त, वाट अरुंद, पक्षी बघणं अवघड. मुलांसोबत पाण्यात उतरायचं असेल तर ती बाजू चांगली. मॉर्निंगसाइड उंचावर, हजार मीटरच्या आसपास. तिथले काही शिंगवाले सरडे आणि बेडूक खालच्या जंगलात मिळत नाहीत. तिथे जायला आधी परवानगी काढावी लागते. सरडे-बेडकांचा ध्यास असणाऱ्यांनी ती खटपट जरूर करावी, इतरांनी नको.

मुक्काम कुडावा गावातल्या घरगुती निवासात करा. खोल्या साध्या, ओल आलेल्या, पण पहाटे चालत फाटकाशी पोचता येतं आणि अंगणातच रानकोंबडे येतात. जेवण भात आणि चार-पाच भाज्या, शेवटी किथुल माडाचा गूळ. हा माड जंगलाच्या कडेच्या गावांचा जुना आधार आहे. गूळ घरातूनच विकत घ्या.

तक्रारीच्या दोन गोष्टी. सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्त्यावर शाळांच्या आणि कंपन्यांच्या सहली एकदमच येतात, गटांमध्ये अंतर ठेवणारं कोणी नसतं. त्या दिवशी थवे रस्त्यापासून दूर राहतात. शनिवार-रविवार आणि पौर्णिमेची पोया सुट्टी टाळा. दुसरी अधिक गंभीर. २००१ मध्ये या भागात सेरेंडिब स्कॉप्स घुबड दीपल वारकगोडा यांना पहिल्यांदा दिसलं. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेली ही पहिली नवी पक्षी जात. २००४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि जंगल वाचवणाऱ्या थिलो हॉफमन यांचं नाव तिला मिळालं. तेव्हापासून तिचा फोटो हवाच म्हणून येणारे वाढलेत. हे लालसर छोटं घुबड दिवसा जमिनीपासून थोड्याच उंचीवर वेलींच्या गुंत्यात झोपतं. ते दाखवायला मार्गदर्शक वाट सोडून आत नेतात. दोघे-तिघे गेले, दोन मिनिटं बघितलं आणि आले तर ठीक. फोनवर आवाज वाजवून त्याला हलवायचं, समोरची पानं तोडून कोन मिळवायचा, दहा जणांनी पाळीने आत शिरायचं, यात ती जागाच ते सोडून देतं. मार्गदर्शकाला आधीच सांगा की आवाज वाजवायचा नाही, घुबड नाही दिसलं तरी त्याची बक्षिसी कमी होणार नाही. तो आवाज वाजवतो तो बहुतेक वेळा आपल्याच हट्टापायी.